हाकेला ओ देणारं जनावर

पिकअपचं दार आपटायचं नाही, ही पहिली सूचना. अंगानं दाबून हळू लावायचं. खोकला आला तर बाहीत खोकायचं, ही दुसरी. तिसरी अशी की एकदा बसलं की वीस मिनिटं हलायचं नाही, नाकावर माशी बसली तरी. फेब्रुवारी महिना, पहाटेचे सव्वासहा, उणे अकरा सेल्सियस. कोलोरॅडोच्या माळावर त्या थंडीत माशी कुठून येणार, हे मी विचारलं नाही.

माझ्या ऑफिसातला एक सहकारी आणि त्याचा मेहुणा ही जोडगोळी गेली बारा-तेरा वर्षं हिवाळ्यातल्या शनिवारी कायोटी मारायला जाते. 'मारायला' हा शब्द ते वापरत नाहीत. 'बोलवायला जातोय' म्हणतात. मी त्या दिवशी नुसती बघायला गेले होते, हातात चहाचा थर्मास घेऊन. जेवणाच्या सुट्टीत आमचे या विषयावर इतके वाद झाले होते की शेवटी तो म्हणाला, "एकदा ये, बघ, मग बोल." म्हणणं रास्त होतं.

त्यांच्या तोंडी ते जनावर 'कायोट'. शहरातली माणसं 'कायोटी' म्हणतात. रँचवर वाढलेला, बंदूक बाळगणारा माणूस सहसा शेवटचा इकार खातो. निसर्गप्रेमी, विद्यापीठातले आणि आमच्यासारखे बाहेरून आलेले तो लावतात. या एका इकारावरून समोरचा कुठल्या बाजूचा हे इथं पुष्कळदा ओळखता येतं. मी पुढं कायोटीच म्हणणार आहे, म्हणजे माझी बाजू निम्मी उघड झालीच.

आपल्या कोल्ह्याहून थोडं थोराड, लांडग्याहून बरंच लहान, दहा ते पंधरा किलोचं हे जनावर. अंगावर वाळक्या गवताचा रंग. नाव मूळ मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतलं, 'कोयोट्ल'. शास्त्रीय नावाचा अर्थ भुंकणारं कुत्रं. आई इथं आली होती तेव्हा एका रात्री घरामागच्या मोकळ्या रानातून गलका उठला. ती अंथरुणात उठून बसली आणि म्हणाली, "अगं, इथंही कोल्हेकुई?" एकच आवाज असता तर अपशकुनी भालू (एकटी ओरडणारी कोल्ही) ओरडली म्हणून तिनं खिडकी लावून घेतली असती. पाच-सहा जण आहेतसं वाटल्यावर निवांत झोपली. ते बहुधा दोनच असावेत. कायोटीची जोडी सूर असे काही वरखाली फिरवते की ऐकणाऱ्याला टोळीच वाटते.

बोलावण्याची रीत अशी. आधी वारा बघायचा. गाडी टेकाडाआड ठेवून वाऱ्याला तोंड करून तीन-चारशे मीटर चालायचं. आवाज काढणारा, म्हणजे रायफलवाला, टेकाडाच्या पोटाशी बसतो. माथ्यावर बसलं तर आभाळावर माणूस उठून दिसतो. त्याचा जोडीदार शॉटगन घेऊन पन्नास-साठ मीटर लांब, वारा वाहत जातो त्या अंगाला बसतो. हा जोडीदार कशाला, तर कायोटी हाकेकडे शेवटपर्यंत सरळ येत नाही. जवळ आला की वळसा घालून वाऱ्याखाली जातो आणि नाकानं खात्री करून घेतो. कानावर त्याचा विश्वास निम्मा, नाकावर पुरा. एकटा शिकारी इथंच फसतो: तो समोर बघत राहतो आणि कायोटी मागून त्याचा वास घेऊन केव्हाच पसार होतो. जोडीदार नेमका त्या वळशावर बसलेला असतो. कुणी कुठून कुठपर्यंतच्या टापूत गोळी झाडायची, हे बसण्याआधी ठरतं, कारण नंतर बोलायची सोय नाही आणि चुकीच्या दिशेनं सुटलेली गोळी मेहुण्याला लागू शकते. मी बघितलं तेव्हा दोघांनी बोटांनी माळाची वाटणी केली: पवनचक्कीच्या डावीकडचं तुझं, उजवीकडचं माझं. भावाभावांत शेताची वाटणी इतकी सुरळीत झालेली मी कधी पाहिली नाही.

पूर्वी हाक तोंडानंच घालत. विसाव्या शतकाच्या मध्याला टेक्सासातल्या मार्बल फॉल्सच्या बर्नहॅम बंधूंनी शिकारीच्या पिपाण्या विकायला सुरुवात केली आणि हा छंद देशभर पसरला. आता पिपाणीच्या जोडीला स्पीकर आला, रिमोटवर शेकडो आवाज. ससा, उंदीर, हरणाचं पाडस. शिवाय कायोटीचे स्वतःचे आवाज: मादीची साद, परक्या नराचं आव्हान, मार खाल्लेल्या पिल्लाचं केकाटणं. सहकाऱ्यानं आधी जखमी सशाचा आवाज लावला. तान्हं बाळ तारस्वरात रडावं, तसा तो आवाज. माझी मुलगी आता नववीत आहे, तरी मी अर्धी उठले आणि तिसरी सूचना आठवून खाली बसले.

अकरा-बारा मिनिटांनी पवनचक्कीच्या पलीकडे दोन ठिपके हलले. एक थांबला. दुसरा, थोडा लहान, येत राहिला, मग डावीकडे वळून वाऱ्याखाली निघाला, पुस्तकात लिहिल्यासारखा. मेहुण्याची शॉटगन वाजली. थांबलेला कायोटी उलटा पळाला, दोनशे, तीनशे मीटर. सहकाऱ्यानं अंगठा हलवला आणि स्पीकरमधून पिल्लाचं केकाटणं सुरू झालं. पळणारा थबकला. मागं वळून बघितलं. परत फिरला. मधल्या उताराशी आला तेव्हा सहकारी तोंडानं एकदाच 'वूफ्' असं भुंकला. कायोटी जागच्या जागी उभा राहिला, मान वर करून. उभं जनावर चुकत नाही. रायफल वाजली.

मला जे दिसलं ते कौशल्य होतं, यात शंका नाही. वारा, उजेड, जनावराचं मन, जोडीदाराचा श्वास, सगळं वाचावं लागतं. सलग सहा ठिकाणी बसून काही न मिळता घरी परतणारे लोक आहेत हे. आणि हे दोघे वाईट माणसं नाहीत; माझी गाडी बर्फात अडकली तेव्हा दोर घेऊन आले ते हेच.

पुढचा भाग सांगते. कातडं काढायचं का, यावर त्यांचं दोन मिनिटं बोलणं झालं. १९७० च्या दशकाच्या शेवटी कायोटीच्या कातड्याला चांगला भाव होता. अलीकडे महागड्या हिवाळी जाकिटांच्या टोपीला हीच फर लागायची. कॅनडा गूस कंपनीनं फर थांबवत असल्याचं २०२१ मध्ये जाहीर केलं आणि उरलेला बाजारही बसला. तेव्हा कातडं राहिलं. फोटो काढले, मादीला आणि नराला पाय धरून घळीत टाकलं. रँचच्या मालकाला मेसेज गेला: 'दोन कमी.' त्यानं अंगठा पाठवला.

माझं भांडण त्या 'दोन कमी'शी आहे.

कायोटी मारणं ही शिकार आहे की साफसफाई, याचं उत्तर अमेरिकेत ठरवून धूसर ठेवलं आहे. हरणाला हंगाम आहे, एका माणसाला किती मारता येतील याची मर्यादा आहे, मांस वाया घालवलं तर दंड आहे. कायोटीला कोलोरॅडोत हंगाम नाही. बारा महिने, हवे तितके. शेजारच्या वायोमिंगमध्ये त्याची गणना उपद्रवी प्राण्यांत होते, मारायला परवानाही लागत नाही. का, असं विचारलं की उत्तर येतं: मेंढरं खातो, पाडसं खातो, कुणीतरी त्याला आवरायला हवं. म्हणजे शनिवारचा छंद हा समाजकार्यात जमा. आणि समाजकार्याला कोण मर्यादा घालणार?

पण आवरला जातो का? हा प्रयोग एका देशानं शंभराहून अधिक वर्षं सरकारी खर्चानं करून बघितला आहे. १९१५ पासून केंद्र सरकारचे पगारी शिकारी होते, १९३१ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. सापळे, बंदुका, विमानातून गोळीबार, आणि मुख्य म्हणजे विष. मेलेल्या घोड्याच्या मांसात विष कालवून माळावर टाकायचे. कायोटीबरोबर गरुड, खोकड, पाळीव कुत्री, जे खाईल ते मरायचं. १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सरकारी जमिनींवरच्या या विषप्रयोगावर बंदी आणली. (आपला वन्यजीव संरक्षण कायदाही त्याच वर्षीचा.) विषाचे काही प्रकार पुढे मागच्या दारानं परत आले. कृषी खात्याची वन्यजीव शाखा अजूनही वर्षाला साठ-सत्तर हजारांच्या घरात कायोटी मारते. खासगी शिकारी मारतात ते वेगळे.

आणि या सगळ्या काळात कायोटीनं काय केलं? मूळचा पश्चिमेच्या माळांवरचा हा रहिवासी आता हवाई सोडून प्रत्येक राज्यात आहे. शिकागोत आहे, न्यू यॉर्क शहरात आहे, खाली पनामापर्यंत पोचला आहे. माणसानं लांडगे संपवले, तेव्हा त्याच्या वाटेतला खरा अडसर माणसानंच दूर केला. तोच माणूस आता बंदूक घेऊन माळावर बसतो आणि 'दोन कमी' म्हणतो.

यामागचं कारण जनावराच्या घरात आहे. कायोटीच्या कळपात साधारणपणे एकच जोडी विते; बाकीचे, बहुधा आदल्या सालची पिल्लं, हाताखाली राबतात. ही जोडी आपला टापू राखते, परक्याला शिरू देत नाही. ती मारली की दोन गोष्टी होतात. हाताखालच्या माद्यांना विण्याची मोकळीक मिळते आणि रिकाम्या टापूत बाहेरचे तरुण नर-माद्या घुसतात. तोंडं कमी, खाणं तेवढंच, म्हणून पिल्लं जास्त जगतात. १९७५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या कॉनली आणि लाँगहर्स्ट यांनी याचं गणित मांडलं: दरवर्षी पंच्याहत्तर टक्के कायोटी मारले, तर ते संपायला पन्नासच्या वर वर्षं लागतील. चारातले तीन, दर वर्षी, न चुकता. माझा सहकारी आणि त्याचा मेहुणा वर्षाकाठी तीस-पस्तीस मारतात.

युटा राज्य २०१२ पासून हरणांच्या संरक्षणासाठी प्रत्येक कायोटीमागे ५० डॉलर देतं. जनतेच्या पैशांतून पेट्रोलचा खर्च निघतो, एवढा फायदा मला दिसतो.

आता रँचवाल्याची बाजू. ती मी हलक्यानं घेत नाही, कारण मी माणदेशातली आहे. वसंतात मेंढ्या विऊ लागल्या की कायोटीची एक जोडी आठवड्याभरात कितीतरी कोकरं नेऊ शकते. अमेरिकेत हिंस्र प्राण्यांकडून जी मेंढरं जातात, त्यांत सर्वांत मोठा वाटा कायोटीचाच. शहरात बसून 'निसर्गाचा समतोल' म्हणणं सोपं. पहाटे घसा फोडलेलं कोकरू उचलणाऱ्याला तो शब्द ऐकवू नये. मात्र त्याच वेळी हेही सांगायला हवं की या देशात १९४२ साली पाच कोटी साठ लाख मेंढरं होती, आज पन्नास लाखांच्या आसपास आहेत. ती कायोटीनं खाल्ली नाहीत. नायलॉन-पॉलिएस्टर आलं, लोकांनी मटण सोडलं, बाहेरून स्वस्त मांस आलं. बुडत्या धंद्याला दिसणारा शत्रू लागतो, आणि आयात-निर्यातीच्या आकड्यांवर गोळी झाडता येत नाही.

उत्तर कॅलिफोर्नियातल्या हॉपलंड संशोधन केंद्रात मेंढरांच्या चराईत कायोटींना गळपट्टे बांधून अनेक वर्षं अभ्यास झाला. त्यातून निघालं ते असं: कोकरं मारणारे बहुतेक वेळा विणाऱ्या जोड्यांपैकी, आणि ज्यांच्या टापूत मेंढरं आहेत तेच. ती नेमकी जोडी काढली की काही काळ नुकसान थांबतं. इतर कायोटी मारून तसा फरक पडत नाही. म्हणजे मेंढपाळानं आपल्या कुंपणापाशी, विण्याच्या हंगामात, गुन्हेगार जोडीला मारणं याला अर्थ आहे. पण फेब्रुवारीत, जिथं मेंढरूच नाही अशा माळावर, हाकेला जो ओ देईल त्याला मारणं याचा त्या कोकराशी काही संबंध नाही. आम्ही बसलो होतो त्या रँचवर गाई होत्या. मालकानं गेल्या दहा वर्षांत एक वासरू गमावलं आणि तेही कायोटीनं नेलं की आधीच मेलेलं खाल्लं, हे त्याला नक्की सांगता आलं नाही. उलट, गाईंच्या वाटेला न जाणारी एखादी जोडी तिथं नांदत असेल, तर तिच्याइतकी फुकटची राखण दुसरी नाही. ती काढून टाकली की टापूत कोण येईल, हे मालकाच्या हातात राहत नाही.

माणदेशात लांडगा आहे. आमच्या शाळेच्या मागं दिवाळीनंतर धनगरांचे वाडे उतरायचे. लांडग्यानं मेंढरू नेलं की एक म्हातारा म्हणायचा, "त्याचा वाटा गेला." मला लहानपणी ते फार भारी वाटायचं. मोठेपणी कळलं की लांडग्याच्या बिळाला धूर देऊन पिल्लं मारणारे मेंढपाळही असतात. दोन्ही खरं. पोटासाठी मेंढरं राखणारा माणूस कधी वाटा म्हणतो, कधी धूर करतो. पण दोन्ही वेळा तो आपल्या मेंढरांबद्दल बोलत असतो. दुसऱ्याच्या मेंढरांच्या नावानं तो करमणूक करत नाही. उटीला इंग्रज साहेब घोड्यांवरून, शिकारी कुत्र्यांचा ताफा घेऊन कोल्ह्यामागे दौडायचे, तेही निदान त्याला खेळच म्हणायचे. त्याच साहेबाच्या राज्यात तोंडानं तित्तराची हाक घालून पोट भरणारा फासेपारधी मात्र १८७१ च्या कायद्यानं पुढं जन्मजात गुन्हेगार ठरला. हाक तीच, घालणारा कोण, यावर खेळ की गुन्हा हे ठरलं. हे सगळं मी जेवणाच्या सुट्टीत सांगितलं तेव्हा सहकारी बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे आम्ही साहेब?" मी म्हटलं, निम्मे.

या साफसफाईच्या बहाण्याचं सर्वांत उघडं रूप म्हणजे कायोटी मारायच्या स्पर्धा. दोघादोघांचे संघ, शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार, जास्तीत जास्त नग किंवा सर्वांत वजनदार नग, प्रवेश फी, रोख बक्षीस. शेवटी गावातल्या एखाद्या आवारात ट्रकच्या मागं जनावरं ओळीनं मांडायची आणि वजनकाट्यावर टांगायची. मोठ्या रकमेच्या स्पर्धांत विजेत्यांना पॉलिग्राफवर बसवतात, आधीच मारून ठेवलेलं जनावर आणलं नाही ना, हे तपासायला. सशाचं खोटं रडणं चालतं, वजनाचं खोटं चालत नाही. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियानं अशा बक्षिसांवर बंदी घातली. मग व्हरमाँट, न्यू मेक्सिको, ॲरिझोना, मॅसॅच्युसेट्स, २०२० मध्ये आमचं कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन, पुढं मेरीलँड, २०२३ मध्ये ऑरेगन आणि न्यू यॉर्क. दहा राज्यांनी या ना त्या रूपात हे थांबवलं. यातल्या काही ठिकाणी बंदीच्या बाजूनं शिकारीही बोलले. शिकारीचं नाव खराब होतं, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि माझा सहकारीही त्या मताचा आहे. स्पर्धेला तो कधी गेला नाही. "तिथं घाई असते. घाईत वारा बघत नाहीत," म्हणाला.

स्पर्धा गेल्या, चांगलं झालं. पण घळीत टाकलेली ती जोडी कुठल्याच स्पर्धेत नव्हती.

म्हणून माझं मागणं वेगळं आहे. कायोटीची शिकार बंद करा, असं मी म्हणत नाही. तिला शिकार म्हणा. एकदा तसं म्हटलं की जे हरणाला लागू ते कायोटीला लागू: हंगाम, मर्यादा, आणि हाकेचेही काही नियम. कायोटी जानेवारी-फेब्रुवारीत जुगतात, दोन महिन्यांनी, एप्रिलच्या आसपास, पाच-सहा पिल्लं होतात. नर बिळाशी अन्न आणून देतो. शिकागोच्या कुक काउंटीत ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २३६ कायोटींची जनुकं तपासली. १८ वेतांतल्या ९६ पिल्लांत एकही परक्या बापाचं निघालं नाही. जोडीदार मरेपर्यंत जोडी टिकते. (आमच्या मंडळात हे सांगितलं तेव्हा एक काकू म्हणाल्या, "आमच्यांना ऐकवा.") आता एप्रिल-मेमध्ये रिमोटवर पिल्लाचं केकाटणं लावलं, तर कोण येणार? आईबापच. आणि ते मेल्यावर बिळात काय होतं, ते बघायला कुणी जात नाही. हाकेला ओ देणं हा ज्याचा गुण, त्याचा तोच गुण त्याच्यावर उलटवायचा, तर निदान घरात तान्ही पिल्लं असताना नको. एप्रिल ते ऑगस्ट बोलावणं बंद. ज्याची कोकरं जातायत त्या मेंढपाळाला मोकळीक राहू दे, बाराही महिने, त्याच्या कुंपणापाशी.

हे स्वप्नरंजन नाही. न्यू यॉर्क राज्यात कायोटीचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च एवढाच आहे, मॅसॅच्युसेट्समध्येही हिवाळ्यापुरताच. तिथं कायोटींनी राज्य बुडवल्याचं ऐकिवात नाही. इथल्या मूळनिवासी नवाहो लोकांत कायोटीच्या गोष्टी भरपूर. त्यात तो लबाड, हावरट, फजिती पावणारा, आपल्या गोष्टींतल्या कोल्ह्यासारखाच. पण त्या गोष्टी फक्त हिवाळ्यात सांगायच्या. वसंतात पहिलं आभाळ गडगडलं की बंद. ज्याच्या गोष्टीलासुद्धा हंगाम आहे, त्याला मारायला मात्र नाही.

माझ्या बाजूचे काही लोक माझ्यावर नाराज होतील. त्यांना सरसकट बंदी हवी. कोलोरॅडोच्या मतदारांनी १९९६ मध्ये सापळे आणि विषावर घटनादुरुस्तीनं बंदी घातली. त्याच राज्यानं २०२४ मध्ये पहाडी सिंह आणि बॉबकॅट या रानमांजराच्या शिकारीवरची प्रस्तावित बंदी फेटाळली. यातून मला एवढं दिसतं की इथल्या माणसाला क्रूरपणा नको आहे, पण शिकारीवर गुन्ह्याचा शिक्काही मारायचा नाही. आणि मला स्वतःलाही तो मारता येत नाही. मी मटण खाते. इथल्या ग्रीली शहराच्या आसपासच्या आवारांत वाढवलेली मेंढरं कशी जगतात हे मी गाडीच्या काचेतून बघितलं आहे. माळावर मेलेला तो नर त्यांच्यापेक्षा पुष्कळ बरं जगला होता. तेव्हा 'तू मांस खातेस, मग बोलतेस काय' हा वार मी अंगावर घेते. फक्त त्या नराचं मांस कुणी खाल्लं नाही, कातडं कुणी पांघरलं नाही, त्याच्या मरणानं एकही कोकरू वाचलं नाही. मग उरला तो खेळ. खेळ असू दे, पण खेळाला सुरुवात आणि शेवट असतो.

सहकाऱ्याचा सर्वांत जोरदार मुद्दा वेगळाच होता. म्हणाला, कायोटीला शिकारीच्या प्राण्याचा दर्जा द्याल तर वन्यजीव खातं त्याची संख्या 'राखू' लागेल, परवान्याची फी वाढेल, आणि एक दिवस मेंढपाळाला अर्ज भरावा लागेल. सरकारी खात्याचा अनुभव मला इथलाही आहे आणि तिथलाही, त्यामुळे हे भय मी हसण्यावारी नेत नाही. नुकसानभरपाईसाठी वनखात्याच्या पायऱ्या झिजवणारे धनगर मी पाहिले आहेत. म्हणूनच मेंढपाळाची मोकळीक नियमात सरळ लिहिलेली हवी, कुणाच्या मर्जीवर नको.

आणि कायोटी खरोखरच कमी हवे असतील, तर लांडग्याचा विचार करावा. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९९५ पासून लांडगे सोडले, तेव्हा काही खोऱ्यांत कायोटी निम्म्यावर आले. त्याला ना पगार लागला ना रिमोट. कोलोरॅडोनं डिसेंबर २०२३ मध्ये ऑरेगनहून आणलेले दहा लांडगे डोंगरापलीकडे सोडले आहेत. ते आमच्या माळावर आले तर रँचवाले काय म्हणतील, तो वेगळ्या लेखाचा विषय.

गेल्या महिन्यात मी वन्यजीव आयोगाला पत्र लिहिलं. पाठवण्याआधी मसुदा सहकाऱ्याला दाखवला. त्यानं तो मेहुण्याला दाखवला. दोघांनी मिळून लाल पेनानं दुरुस्त्या केल्या. 'निष्पाप' हा शब्द दोन ठिकाणी होता, दोन्ही ठिकाणी खोडला, आणि बरोबरच केलं. पिल्लाच्या आवाजावर एप्रिल ते ऑगस्ट बंदी, या कलमाखाली दोघांनी सह्या केल्या. हंगामाच्या कलमाखाली मेहुण्यानं केली, सहकाऱ्यानं नाही. त्याचं म्हणणं, मार्चअखेरपर्यंत माळावर बर्फच असतो, बसायला धड मिळत नाही. हंगाम निदान पंधरा एप्रिलपर्यंत हवा. मी म्हटलं, तोवर पिल्लं झालेली असतात. त्यावर आमचं अजून चालू आहे.